माहुलीचा पाषाण आणि वरळीचें तळें

उत्तर अमेरिकेंत सुमारें साडेसात-आठ कोटी वर्षांपूर्वीं डायनोसुकस नांवाची प्रचंड मगर पाणथळ प्रदेशांत वावरत असे. तिची लांबी दहा मीटरांच्या घरांत जाई. तिला पुष्कळ काळ अ‍ॅलिगेटरच्या कुळांत गणीत. २०२५ सालीं त्यासही शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. (आपल्याकडील मगर ही अ‍ॅलिगेटर नव्हे, तोंड मिटल्यावरही तिचा खालचा चौथा दांत बाहेर दिसतो.)

हें वाचून शहापूर-मुरबाडाकडील एखादे चिरंजीव हातोडी घेऊन माहुलीकडे निघतील, तर त्यांस आधींच सांगितलेलें बरें कीं, तेथें तसली मगर मिळावयाची नाहीं. माहुलीचे सुळके, गोरखगड, नाणेघाट, फार काय, आपल्या घराच्या जोत्याचा काळा दगडसुद्धां थिजलेला लाव्हारस आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून तो वाहूं लागला व थरावर थर चढत गेले. त्या धगधगत्या रसांत हाडें कशीं टिकावींत?

परंतु हा अग्नि अखंड नव्हता. एक थर निवाल्यावर दुसरा येईपर्यंत कधीं कधीं हजारों वर्षें लोटत. तेवढ्यांत दगडाची माती होई, खळग्यांत पाणी सांचे, झाडें उगवत आणि जलचर येऊन वसत. अशाच एका तळ्याचा गाळ मुंबईस वरळीच्या टेकडीखालीं सांपडला. त्यांतील चिमुकल्या बेडकांचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं केलें. ‘डायनोसॉर’ हें नांव १८४२ सालीं देणारे तेच हे गृहस्थ. तेथल्या कांसवाचें वर्णन १८५२ सालीं हेन्री कार्टर यांनीं केलें. मुंबईच्याच आणखी एका कांसवास २००३ सालीं भूशास्त्रज्ञ सेठना यांचें नांव मिळालें. बेडकास खारें पाणी मानवत नाहीं. तेव्हां आज जेथें समुद्र आपटतो तेथें त्या काळीं गोडें पाणी होतें, हें उघड आहे. ज्या लाव्ह्यानें तें तळें बुजविलें, त्यानेंच त्यावर झांकण घालून तें राखलें, हें आम्हांस मोठें नवल वाटतें.

आतां वरळीची टेकडी घरांनीं भरून गेली आहे. इकडे शहापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, आणि खडीसाठीं डोंगर फुटतच आहेत. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें पापुद्र्यांनीं सुटणारी माती कोणास दिसली, तर त्यानें जागा टिपून ठेवावी, तुकडा कागदांत गुंडाळावा आणि जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावा. मगरीचा दांत निघाला तर उत्तमच; बेडूक निघाला तरी आम्हांस अवश्य कळवावें.