मिक्सरचे कार्बन आणि विरार लोकल

चटणी वाटता वाटता मिक्सर अडखळतो, तळाच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसतात. भाईंदरच्या दुरुस्तीवाल्याने आमचा मिक्सर नुसता ऐकला आणि सांगितलं, "कार्बन गेलेत." आतून निघालेले दोन काळे ठोकळे नव्या जोडीच्या निम्मेही उरले नव्हते. घासलेलं टोक मात्र आरशासारखं गुळगुळीत, गोलाईत झिजलेलं.

ते घासतात मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कॉम्युटेटरवर. मोटर फिरती राहायची तर गुंडाळीतल्या विजेची दिशा वेळच्या वेळी उलटावी लागते, नाहीतर ती एका जागी येऊन थबकेल. कार्बन आणि तांबं हे काम घासून घासून करतात. सुरुवातीला कार्बनऐवजी तांब्याच्या तारांची जुडी असे, म्हणून नाव पडलं ब्रश.

हीच रचना आपल्या मुंबईच्या लोकलखाली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. पश्चिमेला १९२८ साली वीज बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६ मध्ये भाईंदरवरून विरारला पोचली. तारेत १५०० व्होल्टची डीसी, डब्याखाली सिरीज मोटर. ही मोटर सुटतानाच सर्वाधिक जोर लावते. दर थोड्या मिनिटांनी थांबून, खच्चून भरून पुन्हा पळणाऱ्या गाडीला त्या काळी याहून योग्य मोटर नव्हती. तिला आज नुसतं 'जुनाट' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण तिची सेवा मोठी: ब्रश तपासा, बदला, कार्बनची भुकटी साफ करा. भुकटी आणि पावसाळी दमटपणा एकत्र आले की ठिणगी एका ब्रशवरून दुसऱ्यावर झेप घेण्याची भीती.

पुढे ही मोटर गेली, पण तारेतली वीज बदलली म्हणून मोटर बदलतेच असं नाही. कोलकात्यात २५,००० व्होल्टच्या एसी तारेखालीही लोकलच्या मोटरी अनेक वर्षं डीसीच होत्या, वीज गाडीतच बदलून घेत. पश्चिम रेल्वेवर खरा पालट झाला २००७ मध्ये, सीमेन्सची यंत्रणा असलेल्या गाड्यांनी. त्यांच्या थ्री-फेज इंडक्शन मोटरीत फिरत्या भागाला बाहेरून कसलीच जोडणी नाही. भोवतीच्या गुंडाळ्यांत चुंबकक्षेत्र गोल फिरतं आणि तो भाग त्यामागे ओढला जातो. हे क्षेत्र फिरवतो इन्व्हर्टर, म्हणजे डीसीची एसी करणारं सर्किट. भाईंदरहून गाडी सुटताना चढत जाणारा तो सूर त्याचाच. ब्रेक लावला की हीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते.

घरात हा बदल 'बीएलडीसी', म्हणजे ब्रशलेस डीसी, पंख्याच्या नावाने आला. अनेकांना वाटतं, जुन्या पंख्यात ब्रश होते. नव्हते. छताचा जुना पंखाही इंडक्शन मोटरचाच. नव्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात, त्यांची जागा ओळखून इलेक्ट्रॉनिक सर्किट गुंडाळ्यांत वीज सोडतं. म्हणून जिथे सुमारे ७५ वॅट लागत, तिथे ३०-३५ वॅटमध्ये भागतं. मिक्सरमध्ये ब्रश करतात ते काम इथे सर्किट करतं आणि दुरुस्तीही तिकडेच गेली.

आमच्या मिक्सरला नवी जोडी बसवायला दहा मिनिटं लागली. शेजारी टेबलावर उघडा पडलेला बीएलडीसी पंखा पाच दिवसांपासून सर्किट बोर्डाची वाट बघत होता.