राडारोडा नकाशावरच रोखता येतो

बांधकामाच्या सळया साधारण १२ मीटर लांबीच्या येतात. कामाला ३.२ मीटरचे तुकडे हवे असतील तर एका सळईतून तीन निघतात आणि २.४ मीटर उरते. ती दुसरीकडे कामी आली तर ठीक, नाहीतर भंगारात. फरशी आणि प्लायवूडची तीच गत. सर्वांत चीड आणणारा प्रकार म्हणजे भिंत उभी करायची आणि मग नळ-विजेच्या पाइपांसाठी तीच फोडायची. तो राडारोडा अनेकदा रात्रीतून नाल्याकाठी नाहीतर खाडीत पडतो.

हा कचरा टाळण्याचा एक मार्ग म्हणजे मॉड्युलर पद्धत. तिच्यात साइटवर घर बांधत नाहीत; कारखान्यात तयार झालेल्या खोल्या तिथे जोडतात. सिंगापूरमध्ये २०१९ साली पूर्ण झालेल्या ‘क्लेमेंट कॅनोपी’चे ४० मजली दोन टॉवर असेच उभे राहिले. काँक्रीटच्या खोल्या मलेशियातल्या सेनाई इथे ओतल्या गेल्या. सिंगापूरच्या तुआस भागात त्यांची आतली कामे झाली आणि मग क्रेनने त्या एकीवर एक बसवल्या.

यात कचरा घटतो तो कशामुळे? पोलादी साचा पुन्हापुन्हा वापरता येतो. पाइपांच्या जागा काँक्रीट ओतण्यापूर्वीच ठरतात, त्यामुळे फोडाफोड टळते. शेकडो खोल्यांचे मोजमाप एकच असल्याने सळयाही मापाच्या मागवता येतात. अर्थात आराखडा आधीच पक्का लागतो; साच्यात चूक राहिली तर ती प्रत्येक खोलीत उतरते.

भारतात रांचीच्या ‘लाइट हाउस’ या गृहप्रकल्पातली १००८ घरे पूर्ण खोल्या ओतून जोडण्याच्या याच पद्धतीची आहेत. पुण्याच्या शिर्के समूहाची खांब, तुळया, स्लॅब कारखान्यात घडवण्याची पद्धत तर आपल्याकडे जुनीच. पूर्ण खोली मात्र वीस-पंचवीस टनांच्या घरात जाते. ती दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या गल्लीत वळवणे कठीण. अशा ठिकाणी सुटे भाग किंवा तयार न्हाणीघरे हाच व्यवहार्य मार्ग वाटतो.

जुनी इमारत पाडताना निघणाऱ्या ढिगाऱ्यावर मात्र हा इलाज नाही. तो वेगळा करून पुन्हा वापरावाच लागेल. तेव्हा तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत असेल, तर वाढीव चौरस फुटांबरोबर विकासकाला आणखी दोन गोष्टी विचारा: कारखान्यात काय काय तयार होणार, आणि पाडलेल्या इमारतीचा राडारोडा नेमका कुठे जाणार? उत्तर करारात लिहून घ्या.