भारवाहू गाडीचे आयुष्य

केळीचा घड एकदा झाडावरून उतरला, की त्याला फार दिवस थांबवून ठेवता येत नाही. म्हणून बुऱ्हाणपूरच्या परिसरात तोडणी सुरू झाली, की पिकअप ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान मालमोटारींची धावपळ सुरू होते. शेतातील कच्ची वाट, तापीकाठची काळी माती, आणि इंदूरकडे जायचे तर असीरगडाजवळून जाणारा सातपुड्यातील चढउतार, हे सारे ह्या गाडीच्या वाट्याला येते. पुष्कळदा ती कर्ज काढून घेतलेली असते व तिच्यावर एका कुटुंबाचे पोट चालते. तेव्हा ती किती वर्षे टिकेल, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

जाड लोखंड व मोठे इंजिन म्हणजे टिकाऊ गाडी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लोखंडी तार एकदा वाकविली तर मोडत नाही. तीच त्याच जागी पुन्हा पुन्हा पुढेमागे वाकविली, की अलगद तुटते. धातूला येणाऱ्या ह्या थकव्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आगगाडीच्या आसांनी वेधले. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्साय-पॅरिस मार्गावर इंजिनाचा आस मोडून पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे प्रशियातील अभियंता ऑगुस्ट व्योलर ह्याने आस भाराखाली लक्षावधी वेळा फिरवून पाहिले. आस मोडतो तो केवळ भाराच्या मोठेपणाने नव्हे, तर त्याच्या पुनरावृत्तीने, असे त्यास आढळले. ताण विशिष्ट मर्यादेच्या आत असेल, तर मात्र लोखंड फार दीर्घकाळ टिकते.

हा नियम केळीच्या गाडीला लावून पाहावा. पंचवीस किलोचे साठ घड म्हणजे दीड टन. दीड टनासाठी बांधलेल्या गाडीत शंभर घड घातले, तरी ती त्या दिवशी मोडत नाही. आणि येथेच मालक फसतो. मागचे पाटे बसले, की तो जादा पाटा घालून घेतो. गाडी पुन्हा उंच दिसू लागते. परंतु पाटा वाढला म्हणून आस, बेअरिंग, चेसिस आणि ब्रेक ह्यांचे बळ वाढत नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक केसासारखी बारीक भेग पुढे सरकत राहते.

चढ इंजिनाची परीक्षा घेतो, तर उतार ब्रेकची. मालासह तीन टन वजनाची गाडी दोनशे मीटर खाली उतरली आणि तिची सारी शक्ती ब्रेकमध्येच जिरली, तर त्या उष्णतेने सुमारे सतरा लिटर पाणी उकळीस येईल. वजन चार टन झाले, तर तेवीस लिटर. अति तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. म्हणून ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रालाही मान्य आहे. इंजिनाच्या रोधाने ब्रेकवरील भार हलका होतो. मागे ट्रॉली किंवा बंद पडलेली मोटार जोडली असेल, तर ही दक्षता अधिकच हवी. ओढणे एक वेळ साधते, थांबविणे कठीण. मागच्या वजनाला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ते सारे पुढील गाडीच्याच ब्रेकवर येते.

जादा भाराचे फळ रस्त्यालाही भोगावे लागते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० ह्या काळात झालेल्या चाचणीवरून असे अनुमान निघाले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार वीस टक्क्यांनी वाढला, तर झीज जवळजवळ दुप्पट. आणि उखडलेला रस्ता तेच धक्के गाडीला परत करतो.

तेव्हा गाडीचे आयुष्य कारखान्यात ठरते तितकेच ते माल भरण्याच्या जागीही ठरते. ठरलेला भार, वेळेवर बदललेले तेल, वंगण घातलेले सांधे, दर आठवड्यास पाटे आणि ब्रेक ह्यांची तपासणी, एवढ्याने पुष्कळ साधते. भेग दिसल्यावर गाडी उभी केली, तर एका दिवसाचे भाडे बुडते. न केली, तर उतारावर चालकाचा जीव पणाला लागतो. थकलेला बैल निदान वाटेत बसतो आणि धन्याला ते कळते. लोखंड थकल्याचे सांगत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ द्यायचे नसेल, तर त्याच्या वतीने मालकानेच वेळीच थांबले पाहिजे.