नगर एकेकाळी स्वतंत्र राज्य होतं! १४६ वर्षं टिकलेल्या निजामशाहीची गोष्ट

रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया ही नावं बातम्यांत सारखी दिसू लागली. बलाढ्य शेजाऱ्याच्या दाराशी असलेले छोटे देश. पण असं राज्य बघायला युरोपात कशाला जायचं? आपलं नगर कधीकाळी तसंच होतं.

१४९० साली बहामनी सत्ता मोडकळीला आली होती. जुन्नरच्या मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेला हरवलं आणि स्वतःचं राज्य सुरू केलं. १४९४ मध्ये तिथेच शहर वसवलं, त्याला नाव दिलं स्वतःचं. (या निजामशाहीचा हैदराबादच्या निजामाशी काही संबंध नाही. ही गल्लत भरपूर लोक करतात.)

खरी परीक्षा पुढे होती. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला लढवत होती चांदबीबी, हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. मुघलांनी सुरुंग लावून तट फोडला. तिने स्वतः उभं राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलं. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, पण नगर वाचलं. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले. ती तडजोडीची भाषा करू लागली, तेव्हा फितुरीच्या संशयावरून तिच्याच माणसांनी तिला मारलं. पाठोपाठ किल्लाही पडला.

आणि हो, डोंगरावरचा 'चांदबीबी महाल' तिचा नाहीच. ती सलाबतखानाची कबर आहे.

किल्ला गेला तरी राज्य संपलं नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा मलिक अंबर पुढे वजीर झाला आणि गनिमी काव्याने त्याने मुघलांना जेरीस आणलं. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकत्र हरवलं. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. त्यांचे भाऊ शरीफजी इथेच पडले.

अंबर १६२६ मध्ये गेला, १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. तरी शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरी किल्ल्यावर एका लहान मुलाला निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि कारभार चालवला. १६३६ मध्ये मुघल आणि आदिलशाहीने मिळून राज्य वाटून घेतलं. पेमगिरीला आज पर्यटक जातात, पण बहुतेक जण तिथला अवाढव्य वड बघूनच परततात.