एमबीबीएसचे गुण आणि पीजीची सीट

एमबीबीएसला किती टक्के पडले, यावर एमडी-एमएसची गुणवत्ता यादी आज भारतात ठरत नाही. बहुतेक ठिकाणी यादी लागते ती नीट-पीजी या प्रवेश परीक्षेवर. प्रश्न २००, गुण ८००, वेळ साडेतीन तास; बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला १ वजा. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीची मुलगी नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली असो की मुंबईच्या केईएममध्ये, रेडिओलॉजी हवी असेल तर प्रश्नपत्रिका तीच. विद्यापीठाच्या सुवर्णपदकाला त्या यादीत वेगळे गुण नाहीत.

हे नेहमीच असे नव्हते. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्याही आधी महाराष्ट्रात पीजीची जागा एमबीबीएसच्या गुणांवर मिळत असे. मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमांतही प्रवेश परीक्षा, एमबीबीएसच्या सर्व परीक्षांतली एकत्रित कामगिरी किंवा दोन्हींचा मेळ असे पर्याय ठेवलेले होते. फक्त गुणांवर निवड करायची तर उमेदवार त्याच विद्यापीठाचे असावे लागत. अडचण उघड होती. एका विद्यापीठाचे ६५ टक्के आणि दुसऱ्याचे ६५ टक्के सारखे नसतात. तोंडी परीक्षेत समोर बसलेला परीक्षक सढळ आहे की हात राखून गुण देणारा, यावरही बरेच ठरे. लहान गावातून, ओळखीपाळखीशिवाय आलेल्या विद्यार्थ्याला सामाईक परीक्षेने दिलेला न्याय खरा आहे.

गुण मोजले जात नसले, तरी नापास होणे महागात पडते. विषय राहिला की पुरवणी परीक्षा. तीत पास झाल्यास विद्यार्थी आपल्या बॅचबरोबर राहतो. तिथेही अडकला, तर पुढच्या बॅचमध्ये बसावे लागते. मग अंतिम वर्ष लांबते, बारा महिन्यांची इंटर्नशिपही लांबते. नीट-पीजीला बसण्यासाठी ती ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते. ती तारीख हुकली, की परीक्षा थेट पुढच्या वर्षी. शेतीच्या उत्पन्नावर शिकवणाऱ्या घराला हे एक वर्ष फार जड जाते.

या पद्धतीत हरवते ते खाटेजवळचे शिक्षण. सिकलसेल असलेले पावरा समाजाचे मूल वॉर्डात येते. त्याच्या आईशी तिच्या बोलीत बोलत हकिगत काढायची, पोटावर हात ठेवून बरगडीखाली प्लीहा किती उतरली आहे ते बोटांनी जोखायचे. प्रात्यक्षिकात याला गुण असतात, पीजीच्या यादीत नाहीत. म्हणून इंटर्नशिपमध्ये अनेकांचा जीव वॉर्डात कमी आणि प्रश्नसंचात जास्त अडकलेला असतो. हे नुकसान रुग्णाचे आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले गेले आहे.

सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी २००० सालच्या नियमांत पुढे वेगळी तरतूद आली. दुर्गम भागातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी नीटमध्ये मिळालेल्या गुणांच्या १० टक्क्यांपर्यंत वाढ, जास्तीत जास्त ३० टक्के. पूर्ण वाढ धरली, तर ४०० गुण मिळवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे तीन वर्षांनी ५२० होतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रात काढलेल्या दिवसांना मिळालेले हे मोल. सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना स्वतंत्र कोटा ठेवता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला.

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी उलट चाल आहे. तिथे वॉर्डातल्या कामाची श्रेणी, महाविद्यालयाचे मूल्यमापन पत्र, शिफारसपत्रे आणि मुलाखत हे सारे एकत्र पाहतात. २६ जानेवारी २०२२ पासून तिथल्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या स्टेप १ चा निकाल फक्त पास-नापास असा लागतो. साहजिकच स्टेप २ सीकेच्या गुणांवरचा भार वाढला. तिकडे अर्ज करणाऱ्या मराठी मुलांना एमबीबीएसची गुणपत्रिका आणि राहिलेल्या विषयाचा खुलासा जवळ ठेवावा लागतो, कारण मुलाखतीत त्याबद्दल विचारणा होऊ शकते.

भारतात २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ ही अंतिम वर्षाची सामाईक परीक्षा आणली. डॉक्टरीचा परवाना आणि पीजीचा प्रवेश दोन्ही तिच्यावर ठरायचे होते. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. ती लागू झाली, तर अंतिम वर्षाची परीक्षा हीच पीजीची परीक्षा ठरेल. त्याआधीच्या वर्षांचे गुण मात्र तेव्हाही यादीबाहेरच राहतील.