योगक्षेमाचा भार

आज आषाढी एकादशी, चातुर्मासाचा आरंभ. मृगाच्या पावसावर पेरणी उरकावी, बी काळ्या आईच्या ओटीत घालावे आणि पंढरीची वाट धरावी, ही वारकऱ्याची शतकांची रीत. मागे शेतात अंकुर तगेल की करपेल, याची शाश्वती नसते. तरीही तो टाळ वाजवीत चालतो. ही निष्ठा कशावर उभी आहे, याचे चिंतन आजच्या पर्वकाळी उचित ठरेल.

गीतेच्या नवव्या अध्यायात, बाविसाव्या श्लोकात, अनन्य भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो असे भगवंतांचे अभिवचन आहे. न मिळालेल्याची प्राप्ती तो योग. मिळालेल्याचे रक्षण तो क्षेम. अर्थ सोपा आहे. परंतु कीर्तनात तो सांगू लागलो की कोणी ना कोणी विचारतोच, "बुवा, मग दुष्काळात माणसे का मेली?"

हा प्रश्न नास्तिकाचा नव्हे. देहूच्या वाण्याच्या घरी तो प्रत्यक्ष उभा राहिला होता. १६३० च्या घोर दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, पुत्रही गेला. आकाशातून धान्य पडले नाही. या आघातानंतर तुकोबांनी भंगलेले विठ्ठलमंदिर उभारले, बंधू कान्होबांस कर्जखतांचा अर्धा वाटा दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. नाडलेली कुळे ऋणमुक्त झाली.

दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बहामनी अमलात दुष्काळ पडला. पंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. शिक्षा ठाऊक होती. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरास धान्याचा पैका भरला, अशी आख्यायिका महिपतींच्या 'भक्तविजया'ने घरोघरी नेली. हे आख्यान आम्ही लावतो तेव्हा श्रोते विठूच्या आगमनाची वाट पाहतात. पण कथेचा क्रम ध्यानी घ्यावा. कोठार आधी उघडले; देव नंतर आला. आणि आला तोही गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या रूपाने!

आचार्य शंकरांनी या श्लोकाच्या भाष्यात मोठे मार्मिक विवरण केले आहे. भगवंत इतर भक्तांचाही योगक्षेम वाहतोच. भेद इतकाच की इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही खटपट करतात, आणि अनन्य भक्त 'स्वतःसाठी' ती करीत नाही. आम्हांस वाटते, भार येथेच हलका होतो. स्वतःच्या चिंतेतून सुटलेले हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात, आणि त्याच हातांनी भगवंत आपले वचन पाळतो. जो गेला त्याच्या घरच्यांना हे उत्तर पुरेसे नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्याजवळ उपदेश न करता बसावे.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी थांबली, पादुका एस.टी. बसने पंढरीस आल्या. कीर्तने बंद पडली, आमच्यासारख्यांच्या झोळ्या रित्या राहिल्या. त्या दिवसांत कोणा शेजाऱ्याने उंबऱ्यावर शिधा ठेवला, कोणा दुकानदाराने उधारी मागितली नाही. त्या हातांना आम्ही विठ्ठलाचेच हात मानतो.

आज उपवास आहे. घरात एक वेळचे धान्य वाचेल. ते उद्या, द्वादशीच्या पारण्यापूर्वी, एखाद्या रित्या चुलीपर्यंत पोहोचावे, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.