शेतकऱ्याचे दोन बिनपगारी सोबती

सोलापूर जिल्ह्यांतील कोणत्याही वस्तीवर जाऊन पाहिलें तर दावणीला बैल, गोठ्यांत म्हैस, परड्यांत शेळी, अंगणांत कुत्रा आणि चुलीपाशीं मांजर हीं बहुधा दिसावयाचींच. पहिल्या तिघांची किंमत मालकास तोंडपाठ असते व त्यांच्या चाऱ्यापेंडीचा हिशेबही तो ठेवतो. शेवटच्या दोघांचा हिशेब मात्र कोठेंच नसतो. उरलेली शिळी भाकरी हा त्यांचा पगार, आणि पाठींत बसलेली काठी हें त्यांचें शिक्षण! तथापि शाळूच्या हंगामांत रात्रीं खळ्यावर जागतें कोण, आणि कणगींतील दाणा उंदरापासून राखतें कोण, याचा विचार केला म्हणजे हा प्रश्न केवळ हौसेचा नसून शेतीच्या नफ्यातोट्याचा आहे असें दिसून येईल. यास्तव या दोन प्राण्यांची बुद्धि कोणत्या प्रकारची आहे व तिचा लाभ कशानें पदरीं पडतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कुत्र्याची समज

मनुष्याच्या सर्व सोबत्यांत कुत्रा हा अत्यंत जुना होय. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं मनुष्यांच्या हाडांबरोबर पुरलेलीं कुत्र्याचीं हाडें सांपडलीं. तीं सुमारें १४ हजार वर्षांपूर्वींचीं ठरलीं आहेत. म्हणजे मनुष्य शेती करावयास शिकला त्याच्या कितीतरी अगोदर कुत्रा त्याच्या शेकोटीपाशीं येऊन बसला होता. त्याचें नाक तीक्ष्ण आहे हें सर्वांस ठाऊकच आहे. कानही तसाच आहे. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं; कुत्र्यास ४० हजारांपर्यंतचा ऐकूं येतो. परंतु नाक व कान हीं कोल्ह्यालांडग्यांसही आहेत. कुत्र्याचा खरा विशेष तो मनुष्याकडे पाहून शिकतो हा आहे.

एखाद्या वस्तूकडे आपण बोट दाखविलें तर कुत्रा बोटाकडे न पाहतां त्या दिशेस जातो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण इतर बाबतींत फार हुशार असलेल्या चिंपांझी वानरासही ती सहजासहजीं साधत नाहीं. ही समज पाळीव, शिकविलेल्या कुत्र्यांपुरतीच आहे काय, हें पाहण्यासाठीं कलकत्त्यानजीकच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील प्राध्यापिका अनिंदिता भद्र व त्यांचे सहकारी यांनीं रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यांवर प्रयोग केले, व त्यांचा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. दोन झांकलेलीं भांडीं ठेवून त्यांपैकीं एकाकडे मनुष्यानें बोट दाखवावयाचें, अशी योजना होती. जीं कुत्रीं जवळ आलीं त्यांपैकीं बहुतेकांनीं, कोणीं कधीं न शिकवितां, बोटाची खूण ओळखली. परंतु जवळजवळ निम्मीं कुत्रीं बिचकून मनुष्याजवळ आलींच नाहींत. आमच्या मतें या प्रयोगांतील हा दुसरा भागच शेतकऱ्यानें अधिक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. बुद्धि दोहोंपाशींही असावी. पण ज्यास मनुष्याचें भय बसलें त्याची बुद्धि मनुष्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

याच कारणास्तव कुत्र्यास मारून शिकविण्याची आमची रीत चुकीची आहे. दूध सांडलें, अंडें फुटलें, कीं तासाभरानें कुत्र्यास पुढें ओढून झोडपावयाचें. त्यानें मान खालीं घातली म्हणजे, “पाहा, चोराला आपली चोरी कळते,” असें म्हणावयाचें, हा प्रकार घरोघर चालतो. न्यूयॉर्क येथील अलेक्झांड्रा होरोवित्झ या विदुषीनें २००९ सालीं याचीच परीक्षा घेतली. तींत असें आढळलें कीं, कुत्र्याचा तो ओशाळवाणा चेहरा त्यानें अपराध केला आहे कीं नाहीं यावर अवलंबून नसून धनी रागावला आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतो. कांहीं एक न केलेला कुत्राही धन्याच्या रागापुढें तसाच वांकतो. तेव्हां मागाहून दिलेल्या शिक्षेनें तो इतकेंच शिकतो कीं, धनी केव्हां मारील याचा नेम नाहीं. योग्य काम केल्याबरोबर, त्याच क्षणीं, भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. नको असलेलें काम करीत असतांनाच एका ठराविक शब्दानें थांबवावें. आणि घरांतील सर्व माणसांनीं तोच शब्द वापरावा. इतक्यानें साधारण कुत्रा कामापुरता शहाणा होतो.

याचें उत्तम उदाहरण आपल्या शेतांतच पाहावयास मिळतें. खतासाठीं आपण शेतांत मेंढरें बसवितों, तेव्हां धनगराबरोबर त्याचीं कुत्रीं येतात. त्यांस कोणत्याही शाळेंत घातलेलें नसतें. पिलूपणापासून तीं मेंढरांत वाढलेलीं असतात, धनगराच्या भाकरींतील भाकरी खातात, व रात्रीं कळपाच्या कडेला निजतात. लांडग्याची चाहूल लागतांच जी वेगळी भुंक उठते ती ऐकून धनगर झोंपेंतूनही काठी घेऊन उठतो. आणि नुसता वाटसरू जात असेल तर तो कूसही बदलीत नाहीं. कुत्र्यास कळपाची ओळख पटलेली असते, आणि धनगरास कुत्र्याच्या आवाजाची. राखण होते ती या दोन ओळखींच्या मिळणीनें.

कारवानी कुत्रा

आपल्या भागांत लांब तोंडाचा, बारीक कमरेचा कारवानी कुत्रा अनेक घरीं अभिमानानें पाळतात. सोलापूर, लातूर या बाजूंस त्यास कारवानी म्हणतात. तोच कर्नाटकांत मुधोळचा म्हणून प्रसिद्ध आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनीं या जातीस आश्रय दिला. २००५ सालीं भारतीय टपाल खात्यानें काढलेल्या चार देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळच्या कुत्र्यास स्थान मिळालें, आणि २०१६ सालीं हीं कुत्रीं लष्करी कामाच्या शिक्षणासाठीं मेरठच्या केंद्रांत नेण्यांत आलीं.

हा कुत्रा नाकापेक्षां डोळ्यांनीं शिकार करणारा व धांवण्यासाठींच जन्मलेला आहे. त्यास दिवसभर आंखूड सांखळीनें खुंट्यास बांधून ठेवणें म्हणजे शर्यतीचा खोंड घाण्यास जुंपण्यासारखें आहे. तो चिडखोर तरी होतो, नाहींतर मंद तरी. मात्र त्यास सशावर अगर काळविटावर सोडण्याची जुनी हौस आतां बंदच केली पाहिजे. १९७२ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यानें ती शिकार गुन्हा ठरली आहे. तसेंच नान्नज येथें १९७९ सालीं माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य झालें. त्या माळाच्या आसपास ज्यांच्या वस्त्या आहेत त्यांनीं आपलीं कुत्रीं रात्रीं मोकाट सोडूं नयेत. मोकाट कुत्रीं काळविटांच्या पाडसांमागें लागतात, जमिनीवरील अंडीं खातात, व स्वतःचे रोग लांडग्यांस देतात.

मांजराची बुद्धि

कुत्र्यास खाल्ल्या मिठास जागणारा म्हणावयाचें, आणि मांजरास डोळे मिटून दूध पिणारें, आडवें जाणारें, बेइमान म्हणावयाचें, अशी आपली वांटणी ठरलेली आहे. ती न्यायाची नाहीं. कुत्रा हा टोळीनें राहणाऱ्या लांडग्याच्या कुळांतला. हुकूम मानणें त्याच्या रक्तांत आहे. मांजराचे पूर्वज एकटे शिकार करणारे होते. त्याची बुद्धि जागेशीं बांधलेली असते. कोणत्या भोकांतून उंदीर केव्हां निघतो, कोणती फळी हलते, गव्हाणीच्या कोणत्या कोपऱ्यांत खुडबुड होते, हें सर्व त्यास पाठ असतें. त्याचा कान सेकंदास ६० हजार कंपनांपर्यंतचा नाद ऐकतो. उंदराच्या पिलांचें जें चिंचिंकणें मनुष्यास ऐकूंच येत नाहीं, तें त्यास स्पष्ट ऐकूं येतें. त्यास आपलें नांवही ओळखतां येतें, असें जपानांत आत्सुको साइतो यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून ठरलें आहे. हांक ऐकून तें आलें नाहीं, तर त्यास कळलें नाहीं असें नव्हे.

शिवाय मांजर हें मुळांतच शेतकऱ्याचें जनावर आहे. सायप्रस बेटावर मनुष्याशेजारीं पुरलेलें सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें मांजर सांपडल्याचें २००४ सालीं जाहीर झालें. तो काळ त्या बाजूस शेती नुकतीच स्थिरावण्याचा होता. धान्याची रास झाली तेथें उंदीर आला, व उंदरामागें मांजर आलें. कुत्रा शिकाऱ्याच्या शेकोटीपाशीं आला, मांजर शेतकऱ्याच्या कोठारापाशीं आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्याच प्रांतांतील एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला व तेथून दक्षिणेंत सर्वत्र पसरला. तो उंदरांवरील पिसवांमार्फत येतो असें कळून आल्यावर अमरावती येथील सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनीं गांवोगांवच्या मांजरांची चौकशी केली. आणि जेथें घरोघर मांजरें पाळलीं होतीं तेथें प्लेग कमी, असें मत १९०८ सालीं एका इंग्रजी वैद्यकीय पत्रांत मांडलें. मांजर हें कांहीं प्लेगवरील औषध नव्हे. त्यास स्वतःसही तो रोग होतो, हें आतां ठाऊक आहे. तरी उंदीर घरांत न वसूं देणें हाच बचाव, ही त्यांची दृष्टि योग्य होती.

दाण्याचा हिशेबही तसाच आहे. एक मोठा उंदीर दिवसास २० ते २५ ग्रॅम धान्य खातो असें धरलें, तर वर्षास ७ ते ९ किलो होतें. दहा उंदीर घरांत असले तर वर्षास पाऊण क्विंटलाच्या आसपास शाळू जातो, नासाडी वेगळीच.

येथें एका फार पसरलेल्या गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. मांजरास उपाशी ठेवलें म्हणजे तें अधिक उंदीर मारतें असें आपण समजतों. वस्तुतः शिकारीची ओढ व पोटाची भूक या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनीं शेतवाड्यांवरील मांजरांचा अभ्यास करून १९५३ सालीं असें दाखविलें कीं, उंदरांनीं आधींच भरलेला वाडा एकटीं मांजरें मोकळा करूं शकत नाहींत. परंतु एकवार उंदीर नाहींसे केले, आणि मांजरांस रोज दूध देऊन वाड्याशीं बांधून ठेवलें, तर तीं नवे उंदीर येऊं देत नाहींत. उपाशी मांजर दुसरीकडे अन्न शोधीत जातें, आणि कोठार उघडें पडतें. पूर्ण वाढलेल्या घुशीवर मात्र तें सहसा जात नाहीं. तिचा बंदोबस्त निराळाच केला पाहिजे.

पोसण्याच्या कांहीं सूचना

१. मांजर केवळ दूधभाकरीवर नीट राहत नाहीं. त्याच्या शरीरास टॉरिन नांवाचें द्रव्य लागतें व तें मांसमासळींतच असतें. तें न मिळाल्यास दृष्टि जाते व हृदय बिघडतें. आठवड्यांतून अनेक वेळां थोडी मासळी, अंडें किंवा शिजविलेलें मांस द्यावें.

२. कांदा घातलेलें कालवण कुत्र्यामांजरांस देऊं नये. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षबागायतदारांनीं विशेष ध्यानांत ठेवावें कीं, द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात. गळलेले घड त्याच्या तोंडीं लागूं देऊं नयेत.

३. मेंढराचें कच्चें आंतडें, काळीज, फुप्फुस कुत्र्यांपुढें टाकूं नये. त्यांतील जंत कुत्र्याच्या पोटांत वाढतात, आणि त्यांचीं अंडीं मनुष्याच्या पोटांत गेल्यास काळजांत मोठ्या गांठी होतात. कुत्र्यास जंताचें औषध नेमानें द्यावें.

४. उंदरांस विष घातल्यास मेलेले उंदीर रोज सकाळीं वेंचून खोल पुरावेत. नाहींतर तेंच विष मांजराच्या पोटांत जातें, व राखणदारच गमावला जातो.

५. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पिसाळण्याच्या रोगाची लस टोंचवावी, व पुढें पशुवैद्य सांगेल त्या मुदतीनें टोंचवीत जावी. हा नियम मांजरासही लागू आहे. चावा बसल्यास जखम साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी. चुना, मिरची, हळद यांपैकीं कांहीं भरूं नये. आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस प्रथम मनुष्यास टोंचली. रोगाचीं लक्षणें उमटल्यावर मनुष्य बहुधा हातीं लागत नाहीं.

६. पोसवणार नाहींत इतकीं पिलें होऊं देऊं नयेत. शस्त्रक्रिया करवून घ्यावी. पोत्यांत घालून पिलें दुसऱ्या गांवच्या वेशींत सोडणें म्हणजे आपलें ओझें शेजाऱ्याच्या मेंढरांवर टाकणें आहे.

सोबतीचें मोल

तोक्यो येथील शेतकी प्राध्यापक उएनो यांचा हाचिको नांवाचा कुत्रा त्यांची वाट पाहत रोज स्टेशनावर जाई. १९२५ च्या मे महिन्यांत प्राध्यापक अकस्मात् वारले. कुत्रा मात्र १९३५ च्या मार्चमध्यें स्वतः मरेपर्यंत स्टेशनावर येतच राहिला. साताऱ्याजवळ संगम माहुलीसही छत्रपति शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. अशा कथा ऐकून आपण प्राण्याच्या इमानाचें कौतुक करतों. परंतु ज्याशीं तो प्राणी इमान राखतो त्या मनुष्यानें अगोदर त्यास काय दिलें होतें, हें विचारीत नाहीं. रोज ठराविक वेळीं अन्न, एकच नांव, एकच शब्द, आजारांत औषध, व विनाकारण मार नाहीं, एवढेंच बहुधा तें असतें. यास फारसा खर्च येत नाहीं. येत्या हंगामांत बियाणें व खत यांचा हिशेब मांडतांना शेतकरी बंधूंनीं या दोन नांवांपुढेंही एक ओळ लिहावी. लसीचे पैसे, अर्धा शेर दूध व चार भाकरी तींत मावतील. समोरच्या जमेच्या बाजूस राखलेलें खळें व भरलेली कणगी हीं येतील.